आमची वाटचाल: वेबिलात राहिलेला ट्रोल

मुंबईत हिंदमाताजवळ वडिलांचं स्टेशनरीचं दुकान. वह्या, रोजमेळ, खतावण्या, जून आला की ब्राऊन पेपर. 2015 साली त्याच दुकानाच्या पोटमाळ्यावर आम्ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या गोष्टीच्या खेळाचं, पहिलं टेबल लावलं, तेव्हा वडील म्हणाले, "खोटे राक्षस मारायला लोक पैसे देतील?" देतात. माणशी शंभर रुपये, चहा धरून.

'आम्ही' म्हणजे मी आणि माझा भागीदार. शहरं, राजे, कारस्थानं त्याची, राक्षस माझे. सामान घरचंच. सोफेवाल्याकडून पांढरं रेक्झिन आणून त्यावर इंचाचे चौकोन आखले, ती आमची बॅटल मॅट. रोजमेळाचे दोन जाड पुठ्ठे कापडी पट्टीनं जोडले, तो डीएमचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, पडदा. जाता जाता सांगतो, अशा मॅटवर व्हाइटबोर्डचं पेन फिरवू नका, त्याचे डाग राहून जातात. ओल्या फडक्यानं जाणारी शाई वापरा. आणि नवे फासे घेतलेत तर भरपूर मीठ विरघळवलेल्या पाण्यात टाकून बघा. टिचकी मारली की दर वेळी तोच आकडा वर येतो? तो फासा परत करा. आम्ही परत घेतो, बाकीचे दुकानदार तोंड वाकडं करतात.

पहिल्या दिवसापासून येणारं गिऱ्हाईक म्हणजे काका. बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर. नातवाला सोडायला आले आणि नातवाऐवजी स्वतःच बसले. त्यांचं पात्र ड्वार्फ क्लेरिक, म्हणजे बुटका धर्मगुरू. प्रत्येक सत्राचा हिशोब ते एका डायरीत ठेवायचे आणि त्या डायरीला 'वेबिल' म्हणायचे, कंडक्टरच्या तिकीट-हिशोबाच्या कागदावरून.

तर ट्रोल, माझ्या राक्षसांपैकी एक. लालबागच्या एका गणपती कार्यशाळेतल्या दादांकडून मी तो शाडूचा करून घेतला होता, बरोबर दोन इंची बैठकीवर. रंग देऊन झाल्यावर दादांनी गणपतीची करतात तशी डोळ्यांची आखणी केली आणि तो बघायला लागला. जून 2017 मध्ये तो टेबलावर आला. सहा खेळाडू, लाकडी पूल, खाली नदी. 84 हिट पॉइंट, म्हणजे त्याचा सगळा जीव, तलवारींनी आणि बाणांनी उतरवले, शून्यावर आणला आणि लाथ मारून नदीत ढकलला. टाळ्या पडल्या. या खेळाची पाचवी आवृत्ती खेळणाऱ्यांच्या लक्षात आलंच असेल: आग कुणी लावलीच नव्हती, ॲसिडही नाही, आणि त्याशिवाय ट्रोल मरत नाही. पुढच्या वळणाच्या, म्हणजे त्याच्या पाळीच्या, सुरुवातीला तो दहा पॉइंटांनी उठणार, मग दर वळणाला आणखी दहा. मी पडद्यामागे एवढंच म्हणालो, "नदीनं नेला." 1,800 एक्सपी, म्हणजे राक्षस मारल्याचे अनुभवगुण, वाटून टाकले, माणशी 300.

भागीदार जिन्यात म्हणाला, "खरं सांगून टाक." मी म्हटलं, त्यांनी विचारलं तर सांगेन. कुणी विचारलं नाही.

मग 29 ऑगस्ट. गणपतीचे दिवस होते, पाऊस थांबेना. मुंबईत पाणी भरणार म्हटलं की हिंदमाताचा नंबर पहिला असायचा, हे तुम्हाला मी काय सांगू. दुकानात मांडीपर्यंत पाणी. भागीदार कमरेएवढ्या पाण्यातून चालत आला आणि त्यानं वह्यांचे गठ्ठे माळ्यावर चढवले. हे मी कधीही नाकारणार नाही. पण खालच्या शोकेसमधला शाडूचा ट्रोल विरघळून गेला, बैठकीवर दोन पावलं तेवढी उरली. काकांनी ती हातात घेतली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी लवकर या." माल निम्म्याहून जास्त भिजला. त्यापायी झालेलं कर्ज फेडायला आम्हाला तीन वर्षं लागली.

पुढच्याच वर्षी भागीदार सोडून गेला. अंधेरीकडे काचेच्या दारांचं, एसीचं बोर्ड गेम कॅफे निघालं होतं, त्यांनी त्याला बोलावलं. जाऊ दे, ज्याचा त्याचा संसार. पण तो चार खेळाडू घेऊन गेला. मोहीम घेऊन गेला, नकाशांसकट. आणि सहा महिन्यांत कानावर आलं की तिथे ट्रोल परत आला. कसा? तर सराईचं दार फोडून, दुप्पट हिट पॉइंट घेऊन, हातात जळती कुऱ्हाड! ट्रोलच्या हातात आग! ट्रोल माझा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझ्याकडे उरले काका आणि रुपारेल कॉलेजची एक मुलगी. दोघांवर टेबल चालत नाही, विजेचं बिल निघत नाही. वडील म्हणाले, माळा भाड्यानं दे. मी गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं, साड्यांच्या पेट्या ठेवायला.

शेवटचा प्रयत्न म्हणून 2019 च्या पावसाळ्यात वडिलांच्या गोदामातली कोरी खतावणी काढली आणि निसटलेल्या प्रत्येक राक्षसाचं खातं उघडलं. ट्रोलच्या पानावर जमेला लिहिलं: याला काय कळलं? सहा जणांचे वास कळले, नाक तिखट असतं त्याचं. तलवारीनं आपण मरत नाही, हे कळलं. आणि त्यांना आग सुचली नाही, पण कधीतरी सुचेल, हेही कळलं. दोन वर्षं मिळालेला, आगीला भिणारा प्राणी काय करेल? मग सत्रं आपोआप लिहून झाली. त्याला लगेच दाखवायचा नाही. पहिल्या सत्रात नदीकाठच्या गावात रात्री दिवे फुटतात. दुसऱ्यात तेल्याचं दुकान फुटतं, पण तेल चोरलेलं नसतं, ओतून दिलेलं असतं. तिसऱ्यात लोहाराच्या भट्टीत कुणीतरी नदीचा गाळ भरून ठेवतो. हिट पॉइंट 84 च ठेवा, वाढवू नका. वाढलेला राक्षस नवा राक्षस असतो, त्याच्यावर जुनी उधारी लागत नाही.

भट्टीचं वर्णन चालू असताना काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. वेबिल काढलं, मागे मागे पानं उलटत गेले. जून 2017. बोट ठेवून म्हणाले, "अठराशेचं तिकीट फाडलंय. प्रवासी उतरलेला कुणी पाहिलाय?"

मुलगी म्हणाली, "काका, तो पुलावरचा?"

"शून्यावरून 84 ला नऊ वळणं. सहा सेकंदांचं एक. 54 सेकंद." काका माझ्याकडे बघून, "आपण तेव्हा अर्धा तास वडापाव खात होतो, डीएमसाहेब."

मी पडद्यामागे गप्प. काकांनी स्वतःच्या कॅरेक्टर शीटवरून 300 एक्सपी खोडले. मी सांगितलं नव्हतं.

त्या दोघांनी मग काय केलं ते लिहीत बसलो तर आणखी चार पानं लागतील. गाळ थापलेला ट्रोल नदीतून निघतो तेव्हा पहिली मशाल विझणार, असा निर्णय मी दिला. नियमात असं कुठेही नाही, असं म्हणून काका वीस मिनिटं भांडले, आणि त्यांचं बरोबर होतं. शेवटी मुलीनं त्याला भर दुपारी उन्हात उघड्या खडकावर ओढत नेला, गाळ वाळून गळून पडेपर्यंत. मग काकांनी आग लावली, आणि राख होईपर्यंत तिथून हलायला तयार होईनात.

ही गोष्ट ट्रेनमधून फिरली, आम्ही जाहिरात केली नाही. अंधेरीला गेलेल्या चौघांपैकी दोघं दिवाळीआधी जिना चढून आले. साड्यांच्या पेट्यांना मी नाही म्हटलं. 2020 बद्दल काही सांगत नाही, सगळ्यांचं तेच झालं. आता तीन टेबलं आहेत.

नवा ट्रोल धारावीच्या कुंभारवाड्यातून भाजून आणलाय, पाण्याला दाद देत नाही. गल्ल्याशेजारी असतो. गेल्या महिन्यात भागीदार आला. फाशांचा एक संच घेतला, ट्रोलकडे बराच वेळ बघत राहिला, म्हणाला, "डोळे त्याच दादांनी आखले?" मी हो म्हटलं. जुनी ओळख म्हणून त्यानं दहा टक्के सूट मागितली. दिली नाही.