कोणत्या सालातली जीप?

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला, चिंधीला हात पुसले आणि म्हणाले, "काय ठेवायचं न काय काढायचं, ते एकदाच सांगा की. रोज नवं नको." एवढं बोलून ते चहाला गेले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातली दुपार. एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला ग्राइंडर आणि मधोमध आईची जीप. बोनेट उतरवलेलं, सीटा काढलेल्या, डावीकडचा पत्रा वीतभर घासून उघडा केलेला. त्या पट्ट्यात रंगांचे थर दिसत होते. वर पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली मळकट पिवळसर आणि तळाला रेड ऑक्साइड. पांढरा मला आठवतो. निळा अंधुक आठवतो. पिवळसर माझ्या जन्माआधीचा असावा. किंवा तो रंग नसून नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल. मला मनातून ऑलिव्ह हिरवा द्यायचा होता, पण तो लष्कराचा. खाजगी गाडीला नियमानेच बंदी आहे. म्हणजे तो एक प्रश्न सरकारने सोडवला. बाकीचे माझ्यावर.

गाडी जुन्या रूपात आणायची, हे सांगायला सोपं आहे. कोणत्या सालातल्या रूपात?

जीपवाल्या मंडळींत गेलात तर एकच जप ऐकू येतो: ओरिजिनल. आरसा ओरिजिनल, डॅशबोर्डवरचे काटे ओरिजिनल, नटबोल्टसुद्धा ओरिजिनल. मीही वर्षभर तोच जप केला. मग एका रात्री झोप येईना म्हणून हिशेब मांडला. मूळ गाडी अमेरिकेतल्या टोलेडोची, विलीज कंपनीची, महायुद्धासाठी जन्माला आलेली. आपल्याकडे ती जोडायला घेतली महिंद्रांनी. त्यांची कंपनी १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने निघाली होती, पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणी झाली, त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये इथल्या पाटीवर दुसरा महिंद्रा आला. पुढे १९७९ मध्ये डिझेल इंजिनासाठी फ्रान्सच्या प्यूजोशी करार झाला. इंजिनाचं नाव एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटरचा बोर, २११२ सीसी. हे इंजिन इगतपुरीला बनू लागलं आणि ऐंशीच्या दशकात महिंद्रांच्या एमएम ५४० जीपमध्ये बसलं. आमची गाडी तीच, १९८८ची. एमएच यायच्या आधीची, म्हणून नंबर तीन इंग्रजी अक्षरांचा.

आता यातलं ओरिजिनल कुणाला म्हणायचं? अमेरिकन अंगात फ्रेंच काळीज, घाटमाथ्याचं पाणी प्यालेलं.

आणि त्यावर आईची कारागिरी. आई डॉक्टर. आजऱ्यात दवाखाना आणि आंबोलीच्या बाजूला पसरलेल्या वाड्यावस्त्यांवर व्हिजिट. गाडी तिने एका कॉन्ट्रॅक्टरकडून जुनीच घेतली. घेतल्या घेतल्या सुताराला बोलावून ड्रायव्हरच्या सीटखाली लाकडी पाट ठोकून घेतला, कारण तिची उंची जेमतेम पाच फूट आणि त्याशिवाय बोनेटपलीकडचं दिसेना. बॅग हलू नये म्हणून ट्यूब कापून तिचे पट्टे केले. हूडच्या पाइपला सलाइनची बाटली अडकवायला हुक बसवून घेतला. चढायला उंच पडतं म्हणून म्हाताऱ्या पेशंटसाठी मागे एक पायरी वेल्ड केली. त्या पायरीवर माझ्या नडग्या इतक्या वेळा फुटल्यात की तिचा मला आजही राग आहे.

बाबा शाळेत मास्तर. गाडी त्यांनी कधीच शिकली नाही. शेजारी बसून "हळू" म्हणणं एवढंच त्यांचं काम. पावसाळ्यात रात्री कुणी बोलवायला आलं की तेही निघायचे, आणि मला एकट्याला ठेवायचं कुठे म्हणून मागच्या बाकावर घोंगडी गुंडाळून मीही. तिकडचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. लाल चिखल, समोर वायपरच्या दोन फाटी आणि मधेच रस्त्यावरून वाहणारा ओढा. आई थांबायची. दिव्यांच्या उजेडात पाण्याकडे नुसती बघायची. गिअरशेजारी आणखी दोन दांडे असत. एकाने पुढची चाकं जोडायची, दुसऱ्याने लो टाकायचा. लो टाकला की इंजिनाचा आवाज चढे आणि गाडी रांगायला लागे. बाबा "हळू" म्हणत. त्याहून हळू ती गाडी जाऊच शकत नव्हती.

पलीकडे पोचल्यावर आईचा एक रिवाज होता. ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ती डाव्या पायाने ब्रेक थोडा थोडा दाबत न्यायची. ब्रेक वाळवायचे. ड्रम ब्रेकमध्ये पाणी शिरलं की पुढच्या उतारावर गाडी थांबत नाही. बाहेर मुसळधार, अंगावर हूडमधून गळणारे थेंब, आणि माझी आई गाडीचे ब्रेक वाळवतेय! मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटायचं. अजूनही, गाडी कुठलीही असो, पाण्यातून गेलो की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. बायको म्हणते, हे काय चाललंय. मी म्हणतो, काही नाही.

तर मुद्दा. मिस्त्री म्हणतात पुढे डिस्क ब्रेक टाका, पॉवर स्टीअरिंग टाका, पाच गिअरचा बॉक्स टाका, हायवेला बरं. इंजिनसुद्धा बदलू म्हणत होते, पण ते आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही आणि आरसीवर चढवावं लागतं. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण, पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट, नाव बदलायचे एकोणतीस-तीस नंबरचे फॉर्म, एवढ्यातच माझा जीव मेटाकुटीला आला होता. त्यात इंजिन नको. स्टीअरिंगलाही मी नाही म्हणालो. चार बोटं प्ले आहे, म्हणजे चाक तेवढं रिकामंच फिरतं, असू दे. ते जड चाक हातात आलं की आईची गाडी चालवतोय असं वाटतं, असं काहीसं मी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

संध्याकाळी आईचा फोन. दवाखाना बंद करून आता बरीच वर्षं झाली, पण चौकशीची पद्धत तीच.

"कुठवर आलं?"

मी सगळं सविस्तर सांगितलं. जमेल तेवढं तुझ्या वेळचंच ठेवतोय, म्हणालो.

"पॉवर स्टीअरिंग बसतं का रे त्याला?"

"बसतं. पण मग त्यात ती मजा—"

"बसव."

"अगं पण—"

"मजा तुला येत असेल. तू मागे घोंगडीत असायचास." मग जरा थांबून म्हणाली, "माझा उजवा खांदा बघतोस ना? अंबाडा घालायला शेजारची पोर येते. तेव्हा मिळालं असतं तर मी त्याच दिवशी बसवलं असतं. ब्रेकसुद्धा. त्या ब्रेकवर माझा एक दिवस विश्वास नव्हता."

मी म्हणालो, बरं. निदान तू केलेलं काही काढत नाहीये. पाट ठेवतोय, पायरी ठेवतोय, सलाइनचा हुकसुद्धा आहे तसाच.

"पाट ठेवून तुझे गुडघे कुठे जाणार? काढ तो. आणि हुक काढ."

"हुक कशाला? तो तर—"

"काढ म्हटलं ना. भोकं वेल्डिंगने बुजवून घे."

असा आवाज तिचा मी फारसा ऐकलेला नाही. किती जण त्या बाटलीखाली झोपून गडहिंग्लजला गेले आणि त्यातले किती परत आले, हे मला, मागच्या बाकावर झोपलेल्या मुलाला, कोण सांगणार? विचारलंही नाही.

"आणि एसीचं विचार त्यांना," ती म्हणाली. "एवढा खर्च करतोयस तर."

हुक काढला. पॉवर स्टीअरिंगचं सामान सांगितलंय. एसी काही बसत नाही; गाडीला दारंच नाहीत.