13 सेकंद!!
कसला वीकेंड होता यार, अजून डोकं ठिकाणावर नाही. जानेवारी 2022, एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) चार मॅचेस, पहिल्या तिन्ही शेवटच्या सेकंदाच्या किकवर संपल्या. शनिवारी टेनेसीवाल्यांनी जो बरोला (सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू) 9 वेळा आडवा पाडला तरी पठ्ठ्याची सिनसिनाटी 19-16 नी जिंकली, मग रॉजर्सची ग्रीन बे बर्फात, घरच्या मैदानावर, 13-10 हरली. रविवारी टॉम ब्रेडीची टीम 3-27 अशी मागे असताना 27-27 वर आली, बायको म्हणे हा म्हातारा काढतोय बघ मॅच, पण समोरच्या रॅम्सनी 30-27 केलंच.

पण आमचा जीव अडकलेला चौथ्या मॅचमधल्या बफेलो टीममध्ये, समोर कॅन्सस सिटी (चीफ्स). शेवटच्या दोन मिनिटांत दोघांचे मिळून 25 पॉइंट्स, आपल्या गेब डेव्हिसचा चौथा टचडाऊन (बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, नेणं), बफेलो 36-33 पुढे, फक्त 13 सेकंद बाकी, मी सोफ्यावर चढून नाचतोय, बायको म्हणतेय खालचे लोक वर येतील. आणि आपले शहाणे किकऑफ (पॉइंट्सनंतर बॉल समोरच्यांना देणारी किक) सरळ एंड झोनमध्ये मारतात, म्हणजे घड्याळ हललंच नाही! अरे आखूड मारा ना, चार-पाच सेकंद तरी गेले असते. त्यांच्या महोम्सने दोन पासमध्ये 44 यार्ड काढले, बटकरने 49 यार्डांवरून किक मारली, टाय. ओव्हरटाइमला टॉस हरलो, कॅन्सस सिटीने बॉल मिळताच पहिल्याच चढाईत टचडाऊन करून 42-36, खेळ खल्लास. एवढा भारी खेळलेला आपला जॉश ॲलन बाहेर उभा राहून बघतोय, बॉल हातात आलाच नाही. गल्ली क्रिकेटमध्येपण दोघांना बॅटिंग मिळते राव, पहिल्याच टचडाऊनला मॅच संपवणारा हा तेव्हाचा कुठला नियम?

सकाळच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवलाय, ऑफिसातला चीफ्सवाला लाल जर्सी घालून बसलाय.