उत्पन्नाच्या रकान्यात शून्य चालत नाही

घरातल्या गृहिणीसाठी क्रिटिकल इलनेस (गंभीर आजाराची) पॉलिसी घ्यायची असेल तर ऑनलाइन फॉर्मच्या नादी लागू नका. एजंटला किंवा शाखेला सरळ छापील प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्याचा अर्ज, मागा. का, ते पुढे सांगतोच. आधी विम्याचा आकडा कसा काढला ते.

एजंट मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं, "सर, पगाराच्या दहापट घ्या." त्याला काही आधार नाही. ही पॉलिसी हॉस्पिटलचं बिल भरत नाही, ते काम मेडिक्लेमचं. यादीतल्या आजाराचं निदान झालं की ठरलेली रक्कम एकदाच हातात देते आणि तिथेच संपते. त्यामुळे प्रश्न पगाराचा नाही. कमावता माणूस दोन वर्षं कामावर गेला नाही तर घर कशावर चालेल, हा आहे.

आमचा घरखर्च महिना ५२,००० आणि गृहकर्जाचा हप्ता २४,०००, म्हणजे ७६,०००. चोवीस महिन्यांचे झाले १८.२४ लाख. माझी शिल्लक पगारी रजा साधारण तीन महिन्यांची, ते २.२८ लाख वजा. मेडिक्लेमबाहेरचा औषधोपचार ६ लाख, प्रवास-मुक्काम-मदतनीस ३ लाख. बेरीज २५ लाखांच्या आसपास. पण हा आजचा हिशेब. महागाई ६ टक्के धरली तर दहा वर्षांत खर्च जवळजवळ १.८ पट होतो, आणि त्याच काळात गृहकर्ज फिटलेलं असतं. दोन्ही जमेस धरून माझ्यासाठी ३५ लाख ठरले. बँकेत बाजूला ठेवलेली अडीअडचणीची रक्कम मी यातून वजा केली नाही. निदानापासून पैसे खात्यात पडेपर्यंतच्या काळात तीच खर्चून जाते.

मेडिक्लेमबाहेरचं म्हणजे काय, हे लोकांना पटकन कळत नाही. डिस्चार्जनंतर ६० किंवा ९० दिवस उलटले की बाहेरून घेतलेली औषधं आणि तपासण्या बहुतेक पॉलिसींत आपल्या खिशातून जातात. तोंडाने घ्यायची केमोथेरपी, इम्युनोथेरपी हे उपचार २०१९ च्या नियमानुसार मेडिक्लेममध्ये धरावे लागतात, पण त्यांना वेगळी मर्यादा घालायची कंपन्यांना मुभा आहे. आपल्या पॉलिसीत ती किती आहे ते बघा. नाशिकहून परळला टाटा हॉस्पिटलला दाखवायला जायचं तर सोबत एक माणूस, गाडी आणि राहण्याची सोय आलीच. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर निभावतं, नाही तर लॉज. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतले ५ लाख हॉस्पिटलला मिळतात. किराणा आणि हप्ता त्यातून भागत नाही.

आता पत्नीचा हिशेब. "वहिनी तर कमवत नाहीत, त्यांना कशाला?" हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. स्वयंपाकाच्या ताई दोन वेळच्या ७,००० घेतात, दोन वर्षांचे १.६८ लाख. रुग्णाची काळजी घेणारी ब्युरोची बाई बारा तासांसाठी महिना २०,०००, उपचाराच्या आठ महिन्यांचे १.६० लाख. मुलांची व्हॅन आणि शिकवणी, ७२,०००. आणि जो खर्च कोणीच धरत नाही तो म्हणजे माझा बिनपगारी वेळ. केमोच्या दिवशी तिच्यासोबत मीच असणार, आईच्या औषधांचं मीच बघणार. चार महिन्यांचा पगार, ३.८० लाख. वर तेच ६ आणि ३ लाख. आज १६.८० लाख होतात, म्हणून मी २० लाख मागितले.

आणि इथे गाडं अडकलं.

ऑनलाइन फॉर्ममध्ये 'व्यवसाय' या यादीत 'गृहिणी' होतं. ते निवडलं. पुढचा रकाना वार्षिक उत्पन्न, तोही अनिवार्य. शून्य टाकलं की लाल अक्षरांत सूचना, योग्य रक्कम भरा. रिकामा सोडला तर पान पुढे सरकत नाही. गृहिणी म्हणून निवडू द्यायचं आणि मग तिचं उत्पन्न विचारायचं, हा फॉर्म बनवणाऱ्याने तो एकदा तरी भरून पाहिला होता का, देव जाणे. ग्राहक सेवेला फोन केला. उत्तर मिळालं, "सर, अडीच लाख टाका ना, सगळे तसंच करतात."

हे अजिबात करायचं नाही. प्रपोजल फॉर्म हा कराराचा पाया असतो, खाली सही आपली असते. नंतर पडताळणीचा फोन येतो आणि तो रेकॉर्ड होतो. त्यात पत्नीला विचारलं, "आपण काय करता?" आणि ती म्हणाली, "घरीच असते," की फॉर्म एक सांगतो आणि रेकॉर्डिंग दुसरं. क्लेम आला की कंपनी हीच फाइल उघडते. "टाका ना" म्हणणारा तेव्हा साक्षीला येत नाही. सलग ६० महिने हप्ते भरल्यावर कंपनीला जुनी माहिती उकरून क्लेम नाकारता येत नाही हे खरं, पण फसवणूक त्यातून वगळलेली आहे.

मग ईमेलवर लेखी विचारलं. उत्तरात फॉर्म १६, म्हणजे नोकरदाराला मिळणारा पगार-कराचा दाखला, मागितला. गृहिणीचा फॉर्म १६! पुन्हा लिहिलं, तर तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागितली. शाखेतल्या साहेबांचं म्हणणं, "सिस्टीम घेत नाही." उलट्या टोकाला दुसऱ्या कंपनीचं म्हणणं, "उत्पन्नाशिवाय १० लाखांपर्यंतच." ते निदान स्पष्ट तरी होतं.

वाट निघाली ती छापील फॉर्ममुळे. कागदावरच्या रकान्यात 'स्वतःचे उत्पन्न नाही' असं पेनाने लिहिता येतं. सोबत जोडलं ते असं: माझी दोन वर्षांची विवरणपत्रं, माझ्या नावावरच्या सध्याच्या पॉलिसींची यादी, मेडिक्लेमची प्रत आणि वरचा खर्चाचा तक्ता एका पानावर. ते शाखेत न देता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवलं, विषयात प्रपोजल क्रमांक टाकून. या अधिकाऱ्याचा पत्ता पॉलिसीच्या अटींच्या शेवटच्या पानांत असतो. तिथून मात्र हालचाल झाली. निर्णय आला ५ लाखांचा, तोही आमची लेखी संमती आल्यावर. मी ती दिली नाही, भरलेली रक्कम परत मागितली आणि दुसऱ्या कंपनीची १० लाखांची घेतली. उरलेल्या १० लाखांसाठी दरमहा वेगळी आवर्ती ठेव सुरू केली आहे. समाधान नाही, पण आकडा खरा आहे.

पॉलिसी आल्यावर पहिलं पान बारकाईने वाचा. आमच्याकडे पत्नीच्या नावापुढे 'नोकरी' छापून आलं होतं. हातात आल्यापासून ३० दिवसांचा फ्री लूक, म्हणजे पॉलिसी तपासून पाहण्याचा काळ, असतो, त्यात दुरुस्ती मागा आणि एंडॉर्समेंटचा (दुरुस्तीच्या नोंदीचा) कागद हातात घ्या. "नोंद केली आहे" हा मेसेज पुरत नाही.

आधी सांगायचं राहिलं: आकडा वाढवण्याआधी मेडिक्लेमला सुपर टॉप-अप जोडा. ठरलेल्या मर्यादेच्या, समजा १० लाखांच्या, वरचा बिलाचा भाग तो उचलतो आणि हप्त्याच्या मानाने संरक्षण मोठं मिळतं. आजारांच्या यादीतली संख्या पाहून भुलू नका, व्याख्या वाचा. अँजिओप्लास्टी बायपासच्या व्याख्येत बसत नाही, छाती उघडून केलेली बायपास बसते. स्ट्रोकनंतरचा अधूपणा किमान तीन महिने टिकलेला दाखवावा लागतो. अगदी सुरुवातीचा, जागच्या जागी असलेला कॅन्सर वगळलेला असतो. काही पॉलिसी त्यासाठी रकमेचा काही हिस्सा देतात, बाईमाणसासाठी घेताना हे आवर्जून विचारा. पहिले ९० दिवस क्लेम नाही, आणि निदानानंतर किती दिवस हयात असावं लागतं तेही बघा, अनेक ठिकाणी ते ३० दिवस असतं. टर्म (आयुर्विमा) पॉलिसीसोबत हेच संरक्षण रायडर, म्हणजे जोड म्हणून घेत असाल तर तो 'अॅक्सिलरेटेड' आहे का विचारा. तसा असेल तर आजाराला दिलेली रक्कम मूळ विम्यातून वजा होते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, जुनं कोटेशन असेल तर नवीन मागून घ्या. हप्ता रोखीने भरू नका, आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची करवजावट जाते, आणि तीही जुन्या करप्रणालीतच मिळते. पत्नी आता घरी ब्लाउज शिवायला लागली आहे. ते खरं उत्पन्न आहे, म्हणून यंदा मुदतीच्या आत तिचं विवरणपत्र भरणार आहे, कर शून्य असला तरी. दोन वर्षांची विवरणपत्रं जमली की उरलेल्या १० लाखांचा अर्ज पुन्हा, छापील फॉर्मवरच.