नगरनियोजनाचे पदव्युत्तर शिक्षण: नकाशातला रंग आणि माडीवरची बिऱ्हाडे

आर्किटेक्चरची पदवी हाती आली की पुढच्या शिक्षणाचा विचार करणारे बरेचजण अर्बन डिझाइन आणि प्लॅनिंग ही दोन्ही नावे एका दमात घेतात. दिल्लीची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर किंवा अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ अशा संस्थांत दोन्ही विषय शिकवले जातात आणि अभ्यासक्रमही साधारण दोन वर्षांचेच असतात. पण अर्बन डिझाइनमध्ये रस्त्याची रुंदी, इमारतींची उंची, पदपथ आणि चौक यांना आकार द्यायचा असतो, तर प्लॅनिंगमध्ये लोकसंख्या, पाणी, वाहतूक, जमिनीची मालकी आणि कायदा यांची सांगड घालायची असते.

मी प्लॅनिंग निवडले, आणि ते किती जोखमीचे काम आहे हे मला पुण्याच्या रविवार पेठेत भूवापराचे, म्हणजे कोणती जागा कशासाठी वापरली जाते याचे, सर्वेक्षण करताना कळले. समोरच्या वाड्यात तळमजल्यावर भांड्यांचे दुकान, मागच्या चौकात गोदाम आणि माडीवर दोन बिऱ्हाडे होती. नकाशात निवासाला पिवळा आणि व्यापाराला निळा रंग देण्याचा प्रघात आहे. वाडा नुसता निळा रंगवला, तर माडीवरची माणसे कागदावरून पुसली जातात आणि पुढे त्या भागासाठी शाळा, दवाखाना, मैदान यांचा हिशेब मांडताना ती कोणाच्या लक्षातही येत नाहीत. म्हणून आम्ही प्रत्येक मजल्याची नोंद वेगळी ठेवली. वेळ फार गेला, पण माझ्या मते तो सत्कारणी लागला.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा पहिल्याच सत्रात मुळातून वाचावा, असे माझे ठाम मत आहे. विकास आराखडा, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारी योजना, करण्यापूर्वी विद्यमान भूवापराचा नकाशा तयार करण्याचे बंधन त्याच्या कलम २५ मध्ये आहे, आणि शाळा, उद्यान अशा सार्वजनिक कामासाठी आराखड्यात राखून ठेवलेली, म्हणजे आरक्षित, जमीन १० वर्षांत संपादित झाली नाही तर मालकाला नोटीस देण्याचा हक्क कलम १२७ देते. स्टुडिओत, म्हणजे आराखडे करण्याच्या वर्गात, आपण सहज हिरवा ठिपका देऊन बाग दाखवतो; त्या ठिपक्याखाली कोणाची तरी जमीन वर्षानुवर्षे अडकून पडू शकते, याची जाणीव ही कलमे वाचल्यावरच होते.

प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी पुण्यातल्या विद्यार्थ्यांनी आपल्या भागाचा विकास आराखडा मिळवावा, त्यातले एखादे शाळेचे किंवा उद्यानाचे आरक्षण निवडावे, आणि तिथे आज काय उभे आहे ते प्रत्यक्ष जाऊन पाहावे.