सायबाच्या फेस्ताला, चालत

आईचं ऑपरेशन नीट पार पडलं तर सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला (सणाला) चालत येईन, असा नवस बोललो होतो. म्हणून २ डिसेंबरला पहाटे आम्ही अकरा जण बांद्याहून जुन्या गोव्याला निघालो. पत्रादेवी ओलांडल्यावर उजाडलं. पेडणे मागे पडेपर्यंत तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणून झाली होती. कोलवाळच्या पुलाशी डाव्या टाचेला फोड आला. बरोबरच्या आजींनी खोबरेलात कापूस भिजवून टाचेला बांधला. "सायबान बोलावल्यान हा, पाय आपसूक चलतत," म्हणाल्या.

वाटभर मनात फादर गेओर्ग शुरहामर होते. जर्मनीतले हे जेझुइट (येशूसंघाचे धर्मगुरू) १९०८ मध्ये मुंबईत शिकवायला आले आणि त्यांची प्रकृती पार ढासळली. १९१० मध्ये सायबांचं शव दर्शनाला ठेवलं होतं, त्या वेळी ते गोव्यात आले आणि सायबापुढे नवस बोलले, बरा झालो तर तुमचं चरित्र लिहीन. मग गोवा, लिस्बन, रोम इथल्या दफ्तरखान्यांत आयुष्य गेलं. पहिला खंड निघाला १९५५ मध्ये. १९७१ मध्ये ते वारले, शेवटचा खंड त्यानंतर आला. एका नवसाची ६० वर्षं!

सायब जाईल तिथली भाषा आपोआप बोलायचे, असं मी लहानपणी ऐकलं होतं. शुरहामर आणि फादर योझेफ विकी यांनी १९४४-४५ मध्ये सायबांची पत्रं छापली. त्यांत सायबच लिहितात, मला या लोकांची भाषा कळत नाही, त्यांना माझी. प्रार्थना तमिळमध्ये करून घेऊन ते चक्क पाठ करायचे. हे वाचल्यावर मला सायब जास्तच जवळचे वाटले. परक्या भाषेत अडखळत प्रार्थना म्हणणारा माणूस! आणि हे दडवून न ठेवता छापणं हीसुद्धा भक्तीच, असं मला मनापासून वाटतं.

रात्री म्हापशात पाठ टेकली. अडीचला पुन्हा वाट धरली. पणजीहून रायबंदरच्या जुन्या बांधावर आलो तेव्हा मांडवीवर धुकं होतं. पुढेमागे मेणबत्त्या घेतलेली माणसं, कुणी अनवाणी, कुणी कडेवर पोर घेतलेलं.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस चर्चच्या रांगेत जांभ्याच्या भिंतीला हात टेकून उभा राहिलो. ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर सायब गेले. पुढे अस्थी नेता याव्यात म्हणून शव चुन्यात पुरलं होतं. काही महिन्यांनी उकरलं तर ते ताजंच. १५५४ मध्ये ते गोव्यात पोचलं. उजवा हात १६१४ मध्ये कापून रोमला पाठवला, हे आठवलं की अजून कळ येते.

सायबांचं शव ठेवलेली चांदीची पेटी उंचावर असते. खालून नक्षी तेवढी दिसली. १९१० मध्ये २८ वर्षांचा एक आजारी मास्तर इथेच येऊन उभा राहिला होता. आजींनी गुडघे टेकले, मीही टेकले. बाहेर येऊन मेणबत्ती लावली आणि आईला फोन केला. ती काही बोलली नाही. मागे कोंकणी गायन चाललं होतं, ते संपेपर्यंत फोन तसाच धरून ठेवला.