विजयदुर्गला जायचं तर आधी तिथी बघा

चौदसीचा दिवस होता आणि आम्ही साडेअकराला गोदीवर पोचलो. मी, माझी बहीण आणि तिचा दहा वर्षांचा मुलगा. विजयदुर्गची ती मराठ्यांची गोदी, म्हणजे जहाजं दुरुस्तीला घ्यायची खोदीव जागा, बघायची म्हणून मी कित्येक वर्षं म्हणत होते. समोर दिसलं काय, तर एक मोठं शांत तळं, कडेला झाडी आणि पाण्यात उन्हाची तिरीप. भाचा म्हणाला, "मावशी, गोदी कुठाय?" मला उत्तर देता येईना. तेवढ्यात बांधावरून गवताचा भारा घेऊन एक आजोबा आले. आमच्याकडे बघून म्हणाले, "आता पाण्यात काय बघतल्यात? आज चौदस. चार वाजल्यार येवा, वहाटी लागली काय गोदी दिसतली."

त्यांनी सांगितलेला हिशेब कोकणात सगळ्यांना तोंडपाठ असतो, आम्हा घाटावरच्यांना मात्र तो नव्याने शिकावा लागतो. तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ येते. चौदस म्हणजे चौदाचे पाऊण, साडेदहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, पंधरवडा सुरू झाला की मोजणी पुन्हा एकपासून. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या दोन-तीन दिवसांत उधाण असतं आणि ओहोटीला पाणी लांब जातं. त्यामुळे इथे यायला तेच दिवस निवडा. सकाळी किल्ला, दुपारी जेवण, संध्याकाळी गोदी आणि तटाचा पायथा, असा दिवस आपोआप बसतो.

मधल्या वेळात आम्ही किल्ला बघितला. एसटी स्टँड, बंदराचा धक्का आणि किल्ला सगळं हाकेच्या अंतरावर आहे, गाडी लावून चालतच फिरा. वाटेत मारुतीचं देऊळ लागतं. मुख्य दरवाजा समोरून दिसतच नाही, बुरुजाला वळसा घालून अगदी जवळ गेल्यावर तो अचानक पुढ्यात येतो. शत्रूला तोफ रोखायला किंवा हत्ती धावून आणायला सरळ जागाच मिळू नये, म्हणून ही रचना. मूळ किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला. शिवाजी महाराजांनी तो 1653 मध्ये आदिलशाहीकडून घेतला. ते विजय नावाचं संवत्सर होतं, म्हणून घेरियाचा विजयदुर्ग झाला. महाराजांनी तो वाढवला, आज तो सुमारे 17 एकर भरतो आणि एकात एक अशी तिहेरी तटबंदी आहे. खलबतखाना, दारूकोठार, सदर हे सगळं बघाच, पण पश्चिमेच्या तटावर थोडं जास्त थांबा. दगडांत तोफगोळ्यांचे खळगे आहेत. भाच्याने एका खळग्यात मूठ घातली, ती मनगटापर्यंत आत गेली. तो बराच वेळ काही बोलला नाही.

त्या तटावर उभं राहून 1756 चा फेब्रुवारी आठवला की पोटात कालवतं. समुद्रातून इंग्रजांचा वॉटसन, जमिनीवरून क्लाइव्ह, आणि त्यांच्या जोडीला चक्क पेशव्यांची फौज. किल्ला तेव्हा तुळाजी आंग्र्यांकडे होता, त्यांची गुराबं आणि गलबतं ही जहाजं किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून उभी होती. एका जहाजावर पेटता गोळा पडला आणि एकाची आग दुसऱ्याला लागत काही तासांत सगळं आरमार जळून गेलं. तुळाजींचे वडील कान्होजी यांनी उभं केलेलं बळ परक्यांच्या मदतीने आपणच बुडवलं, असं मला आजही वाटतं. पुढे याच बंदरातून आनंदराव धुळप पेशव्यांचं आरमार चालवत होते आणि 1783 मध्ये त्यांनी इंग्रजांचं 'रेंजर' जहाज लढून पकडून इथे आणलं. पण तोवर सत्तावीस वर्षं गेली होती. गावात धुळपांचा वाडा आहे. बाहेरून बघा, आत जायचं तर आधी विचारा.

किल्ल्यातले 'साहेबाचे ओटे' बघताना एक खुलासा हवा. हेलियमचा शोध 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने याच ओट्यांवरून लावला, असं सर्रास सांगतात. त्या ग्रहणाचा महत्त्वाचा वेध फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरहून घेतला. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता आणि त्याने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये तिथूनच टिपली. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला मात्र तो स्वतः विजयदुर्गला आला होता आणि मेल्पोमेनी या युद्धनौकेचे खलाशी त्याच्या उपकरणांवर मदतीला होते. हे खरं आहे आणि पुरेसं मोठं आहे. मुलांना हेच सांगा.

जेवण गावातल्याच एका घरगुती खाणावळीत. बांगड्याचं तिखलं, भाकरी, सोलकढी. सकाळीच सांगून ठेवावं लागतं, ऐनवेळी गेलात तर उपाशी राहाल. जून-जुलैत मासेमारी बंद असते, आणि पावसात तटावरचा जांभा शेवाळाने इतका निसरडा होतो की मुलांना घेऊन चढूच नये.

पावणेपाचला पुन्हा गोदीवर गेलो. किल्ल्यापासून तीनेक किलोमीटर, गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला खाडीचा एक फाटा आत शिरतो, तिथे. सकाळचं तळं गेलं होतं. खडकात खोदून काढलेली प्रचंड ओंजळ समोर होती, तळाशी गाळ, कडेला ताशीव कातळ. शंभर मीटरच्या वर लांबी. उधाणाच्या भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी गेलं की तोंड बंद करायचं, जहाज कोरडं उभं. मग बुडाला चिकटलेली कालवं खरवडायची, कुजल्या फळ्या बदलायच्या, फटी ठोकून बुजवायच्या, आणि पुढच्या उधाणाला पुन्हा पाण्यात सोडायचं. यंत्र नाही, पंप नाही, नुसती तिथी आणि माणसांचे हात. सकाळी आजोबांनी केला तोच हिशेब इथल्या सुतारांनी रोज केला असणार. भाचा काठावर बसून कुठलं जहाज कुठून आत येईल ते बोटाने आखत होता.

इथे कुठेही नीट पाटी नाही, कुंपण नाही, प्लास्टिक मात्र आहे. किल्ल्याकडे गाड्यांची रांग लागते आणि ज्या जागेने तो किल्ला जगवला तिकडे कोणी फिरकत नाही, याचं फार वाईट वाटलं. तुम्ही जाल तेव्हा गाळात उतरू नका, पाय गुडघ्यापर्यंत रुततो. काठावरूनच बघा. पायात चप्पल नको, बूट हवेत, आणि वाट गावकऱ्यांना विचारूनच धरा. हाताशी वेळ असेल तर जवळचं रामेश्वराचं देऊळही बघा. डोंगर कापून केलेल्या वाटेने खाली उतरायचं आणि भिंतींवरची जुनी चित्रं बघायची, फ्लॅश न मारता.

येण्याचं म्हणाल तर गोवा हायवेवर तळेऱ्याला वळायचं, तिथून पन्नासेक किलोमीटर. रस्ता वळणांचा आहे, दीड तास धरा. कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी करूळ घाट चालू आहे का ते आदल्या दिवशी विचारावं. रेल्वेने वैभववाडी किंवा कणकवली, पुढे एसटी, पण परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून घ्या. रोख पैसे जवळ ठेवा.

आम्ही निघालो तेव्हा सहा वाजून गेले होते. गोदीच्या तोंडाशी पाण्याची एक बारीक जीभ गाळावरून आत सरकत होती. भाच्याने बोटं मोजली आणि म्हणाला, "उद्या पौर्णिमा. पंधराचे पाऊण, सव्वाअकरा."