काकांचा बायॉप्सी रिपोर्ट

आज काकांसोबत युरॉलॉजिस्टकडे गेलो होतो. प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कर्करोगाचा ग्लीसन स्कोअर, म्हणजे पेशींची रचना किती विस्कटली आहे याचे माप, ३+४ आला आहे; पहिला आकडा जास्त आढळणाऱ्या रचनेचा. बेरीज सातच असली तरी ४+३ असता, म्हणजे अधिक विस्कटलेल्या रचनेचा भाग जास्त असता, तर आजार पसरण्याचा धोका वाढला असता, हे डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूवर आकडे लिहून समजावले. गाठ प्रोस्टेटपुरतीच असल्याने तूर्त शस्त्रक्रिया नाही, फक्त नियमित पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी) आणि एमआरआय. ब्रिटनमधील प्रोटेक्ट अभ्यासात अशा मर्यादित आजाराच्या १,६४३ रुग्णांपैकी १५ वर्षांत या कर्करोगाने दगावलेले सुमारे ३ टक्केच होते. काकूंना मात्र (आणि खरे तर मलाही) टक्केवारी नको होती, काकांचे काय होणार ते हवे होते. त्यावर डॉक्टरांनी सहा महिन्यांनंतरच्या पीएसएची तारीख दिली.